छतापर्यंत न पोचणाऱ्या भिंती

९ फेब्रुवारी

ठरलं! मे महिन्यात सगळे बेटावर!

आईने फर्मान काढलं ते फोनवर, मी शाळेत वेळापत्रकाच्या फळ्यासमोर खडू घेऊन उभी असताना. "माझा वाढदिवस करायचाच असेल तर हॉल नको, भाषणं नकोत. बेट हवं, समुद्र हवा. आणि तुम्ही तिघं हवीत, एका छपराखाली."

तिघं म्हणजे दादा, मी आणि टिल्लू. (टिल्लू सहा फूट उंच आहे. नाव लहानपणी पडलं, मग ते कुणी काढलंच नाही.)

म्हटलं, "आई, दादा आणि टिल्लू? एका छपराखाली?"

"जागा तू बघ. कुणाला कुठे बसवायचं ते तुला बरोबर कळतं."

कळतं खरं. शाळेचं वेळापत्रक मीच करते. गणिताच्या बाई आणि चित्रकलेचे सर एका तासाला स्टाफरूममध्ये येणार नाहीत याची काळजी मी कधीपासून घेतेय, आणि त्या दोघांना अजून वाटतं की योगायोग आहे! माणसांना लांब ठेवण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. जवळ आणायचं काम मात्र कधी अंगावर आलेलं नाही.

११ फेब्रुवारी

दादाला फोन. दुकानात होता. मागे कुणीतरी पाईप आपटत होतं. "आईसाठी येईन. पण खोली वेगळी, जेवण वेगळं. त्याच्यासमोर बसून माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही."

टिल्लूला फोन. कुठल्याशा अर्धवट इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, नकाशे हातात, वाऱ्यात ओरडत. "येतो ना ताई. पण दादापासून लांबची खोली बघ. वेगळी इमारतच मिळाली तर उत्तम."

दोघांनाही म्हटलं, "हो रे, बघते."

आणि फोन ठेवताना दोघांनीही विचारलं — "तो काय म्हणाला?"

१५ फेब्रुवारी

नवऱ्याच्या अंगात आलंय. औषधाचं दुकान बंद करून आला की लॅपटॉप उघडतो आणि हॉटेलांबद्दल लोकांनी काय काय लिहिलंय ते मोठ्याने वाचतो. एकाने उशी कडक म्हणून हॉटेलचं नाक कापलंय. एकीला लाटांच्या आवाजाने झोप आली नाही. अगं बाई, मग समुद्रावर गेलीस कशाला!

त्याला टेकडीवरचं मोठं हॉटेल आवडलंय. लिफ्ट, पोहण्याचा तलाव, प्रत्येक खोलीला स्वतःची गॅलरी. "दादा तिसऱ्या मजल्यावर, टिल्लू पहिल्या. मधे आपण. प्रश्न मिटला!"

प्रश्न मिटला खरा. आठवडाभर कुणी कुणाला दिसणार नाही. आई रोज सकाळी लिफ्टमधून वर-खाली करून मुलं गोळा करेल.

१६ फेब्रुवारी

नवरा रुसलाय. "तुला नेमकं काय हवंय ते तरी सांग," म्हणतो. मलाच ठाऊक नाही. पण टेकडी नाही.

२० फेब्रुवारी

आज वाळूतल्या लाकडी खोल्या बघितल्या, फोटोत. सुंदर! ओळीने पाच, प्रत्येकीला पुढे झोपाळा, मागे नारळाची झाडं, दारातून उतरलं की थेट पाणी. वहिनीला — दादाच्या बायकोला — पाठवल्या. तिचं लगेच उत्तर: "एका टोकाला आम्ही, दुसऱ्या टोकाला ते. मधे तुम्ही आणि आई. चालेल."

चालेल म्हणे. मी आणि आई म्हणजे कुंपण!

चार वर्षं तेच तर करतेय. त्याला सांग, आईच्या डोळ्यांची तपासणी मी करवून आणली. त्याला विचार, जुन्या घराची किल्ली कुणाकडे आहे. सगळं माझ्यातून जातं. दोघांत विस्तव जात नाही आणि निखारे माझ्या ओंजळीत. कंटाळा आलाय मला. खरंच कंटाळा आलाय.

२२ फेब्रुवारी

एकदा लिहूनच टाकते, म्हणजे डोकं हलकं होईल.

चार वर्षांपूर्वी. बाबांना ऑपरेशनसाठी आत न्यायचं होतं. डॉक्टर म्हणाले, आत्ता. टिल्लू निघाला होता, वाटेत होता, फोन लागत नव्हता. दादाने माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि डॉक्टरांना हो म्हणाला. टिल्लू आला तेव्हा खांद्यावर बॅग तशीच होती. बाबा शुद्धीवर आलेच नाहीत.

"माझ्यासाठी थोडं थांबला असतास तर!" टिल्लू म्हणाला. तिथेच, सगळ्यांसमोर. "मला त्यांच्याशी बोलायचं होतं."

दादा म्हणाला, "तू वेळेवर कधी आलायस?"

बस. एवढंच. दोघांचंही चुकलं नव्हतं, असं मला वाटतं. थांबला असता तरी दादाला आयुष्यभर लागलं असतं, आणि टिल्लूने काही मुद्दाम उशीर केला नव्हता. चुकलं ते त्यानंतरच्या त्या दोन वाक्यांत. पण ती वाक्यं आधी कुणी गिळायची? बाबा असते तर दोघांना एका पाईपची दोन टोकं धरायला लावून म्हणाले असते, सोडलंत तर बघा. नळ जोडण्याचं काम करायचे ते. त्यांचं सगळंच शिकवणं तसं होतं.

मला फार आठवण येते त्यांची.

२६ फेब्रुवारी

सापडलं! सापडलं!!

हॉटेल नाहीच. घर आहे. बंदराच्या पलीकडच्या टोकाला, पिवळं, पत्र्याच्या उतरत्या छपराचं. पुढे ओटा, ओट्याखाली चार पायऱ्या आणि मग समुद्र. चार खोल्या, चारही मधल्या मोठ्या खोलीत उघडतात. जेवायचं टेबल एकच, पण लांबलचक.

आणि खरी गंमत — भिंती छतापर्यंत जातच नाहीत! माणसाच्या डोक्याच्या थोड्या वर संपतात. वर सगळं मोकळं.

घरमालकिणीला फोन केला. आवाजावरून वयस्कर, गप्पिष्ट. "सासऱ्यांनी बांधलंय. वारा खेळता राहावा म्हणून भिंती वरून मोकळ्या ठेवल्या."

"आणि आवाज?"

"तोही खेळतो." आणि मोठ्याने हसली.

मी डोळ्यांसमोर आणलं. दादा घोरतोय, टिल्लू पलीकडच्या खोलीत उशी डोक्यावर घेऊन पडलाय. टिल्लू खोकला की दादाला ऐकू येतंय. आई मधूनच कुणाला तरी हाक मारतेय आणि तिघंही ओ देतायत. कुणाला किती वेळ गप्प बसता येईल अशा घरात?

२७ फेब्रुवारी

नवरा म्हणाला, "तू वेडी आहेस." मग फोटो पुन्हा बघितले. मग म्हणाला, "ओटा छान आहे."

घेतलं. पैसे भरून मोकळी झाले.

१ मार्च

दादा: "जागा बघितलीस?"
मी: "बघितली."
दादा: "वेगळी आहे ना?"
मी: "अगदीच वेगळी आहे."

खोटं तर नाही बोलले!

टिल्लूलाही तेच. ताकास तूर लागू दिली नाही. आता थेट बेटावर पोचल्यावर कळू दे. होडी परत गेलेली असेल.

८ मार्च

पण दार उघडून दादाने बॅग उचलली आणि पुढच्या होडीने माघारी निघाला तर? आईच्या डोळ्यांदेखत? तिने चार वर्षांत एकदाही तक्रार केलेली नाही. वाढदिवसाला दोघं वेगवेगळ्या वेळी येतात, ती दोनदा केक कापते आणि दोनदा टाळ्या वाजवते. यंदा एवढी एकच गोष्ट मागितली तिने, आणि तीही माझ्या भरवशावर.

१४ मार्च

सगळं मुसळ केरात!

फोटो फक्त आईला पाठवले होते. तिने ते घरच्या ग्रुपवर टाकले! खाली ओळ — 'आपलं घर. टेबल बघा केवढं!'

त्या ग्रुपवर दादाने काही लिहिलं की टिल्लू दिवसभर गप्प, आणि टिल्लूने लिहिलं की दादा. आज पहिल्यांदा दोघं एकदमच गप्प. मग मला फोन. एक ठेवला की दुसरा.

दादा: "हे वेगळं? ह्याला वेगळं म्हणतेस? मी येत नाही."

टिल्लू: "ताई, तू फसवलंस मला. आम्ही नाही येत."

आईला विचारलं, ग्रुपवर कशाला टाकलेस? म्हणे, "चुकून गेले गं." आईच्या हातून आजवर साधी सुईसुद्धा चुकून पडलेली नाही.

१५ मार्च

रडले. शाळेत, नकाशांच्या कपाटामागे. गणिताच्या बाईंनी पाहिलं आणि पाण्याची बाटली ठेवून गेल्या. चित्रकलेचे सर पाठोपाठ आले, काय झालं विचारायला. दोघं दारात समोरासमोर! मला त्याचंही काही वाटलं नाही.

आईला सांगितलं, दोघं नाही म्हणतायत. ती म्हणाली, "बरं. मी सामान भरून ठेवते." भरून?! मला वाटतं तिला नीट ऐकू आलं नाही. की आलं?

१९ मार्च

दादाचा फोन. जायचं तर नाहीच म्हणे, पण — "त्या चौथ्या फोटोत बघ. ओट्याच्या कडेला सांडपाण्याचा पाईप दिसतो. उतार उलटा दिलाय. पहिल्याच दिवशी तुंबणार. आई घसरून पडेल."

म्हटलं, "तू येत नाहीयेस ना?"

"मी आईचं बोलतोय!"

२० मार्च

टिल्लूचा फोन. त्यालाही जायचं नाहीच. पण ओट्याच्या डाव्या खांबाला तडा दिसतो. आणि एवढ्या लांब छपराला मधे आधार नाही. "कुणी बांधलंय हे? लहान मुलाने?"

"मालकिणीच्या सासऱ्याने."

"मग त्याच्या सुनेला विचार, खांब कधी बदलला होता."

ज्याला जायचंच नाही त्याला खांबाचं काय पडलंय?  नवऱ्याला सांगितलं तेव्हा आम्ही दोघं पोट धरून हसलो. कितीतरी दिवसांनी.

२४ मार्च

टिल्लूला दिसलेला खांबाचा तडा मी दादाच्या कानावर घातला होता. आज त्याचा फोन: "पाईप त्या खांबाजवळूनच खाली उतरतो. खांब कच्चा असेल तर पाईपला हात लावायची सोय नाही. त्याला विचार, खांब भार घेतोय की नुसता शोभेचा आहे."

मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली. माझ्या एका हातात खडू, दुसऱ्या हातात फोन. चार वर्षांच्या सवयीने तोंडातून 'विचारते' येणारच होतं.

म्हटलं, "दादा, खांब म्हणजे काय आणि भार म्हणजे काय, मला एक अक्षर कळत नाही. मी चुकीचं सांगेन आणि आईच्या डोक्यावर छप्पर पडेल. तूच विचार."

 पाईप आपटल्याचा आवाज तेवढा येत होता. मग फोन बंद.

 आठवीच्या फळ्यावर नववीचं वेळापत्रक लिहून आले.

२५ मार्च

कुणाचाच फोन नाही.

२७ मार्च

अजून नाही. दादाला चार वर्षं मीच सवय लावली आणि ऐन वेळी मीच हात वर केले. जास्त ताणलं का? नवरा म्हणतो, थांब. थांबणं मला कधीच जमलेलं नाही.

आईने पोहायचा पोशाख आणलाय! निळा, टिपक्यांचा. घालून आरशासमोर उभी होती. "लाज वाटते का गं तुला माझी?" म्हणाली. अजिबात नाही. इतकी छान दिसत होती की मी तिला कडकडून मिठीच मारली. ती म्हणाली, "अगं, टाके उसवतील!"

काहीही होवो, तिला मी समुद्रात नेणार. आम्ही दोघीच असलो तरी.

३० मार्च

दादाला फोन केला. लागत होता, पण तो दुसऱ्या कुणाशी तरी बोलत होता. अर्ध्या तासाने केला. तरी बोलतच होता. मग टिल्लूच्या बायकोला केला. ती म्हणाली, "हे फोनवर आहेत ताई. कधीपासून बोलतायत. आवाज चढलाय. कुणाशी, ते मी विचारलं नाही."

मीही विचारलं नाही.

२ एप्रिल

घरमालकिणीचा फोन. "तुमचं बुकिंग रद्द झालं हो. तुमच्या भावांनीच केलं. तुम्हाला माहीत असेल."

म्हटलं, "कुठल्या भावाने?"

"दोघे होते की! एकाच फोनवर. एक माझ्या पाईपची लाज काढत होता, आणि दुसरा मागून म्हणत होता, 'दादा, आधी खांबाचं बोल.' मग दोघांचंच जुंपलं, मी नुसती ऐकत बसले. दुसरं घर धरलंय म्हणाले, सगळ्यांसाठी."

कुठलं, ते मला अजून कुणीही सांगितलेलं नाही.