अकरा माफीपत्रं, जागा एकाची

जावईबापू,

तुमच्या सांगण्यावरून तुमच्या घरच्या कॉम्प्युटरच्या डिस्कवर नवी फाइल सिस्टिम टाकली, जागा वाचवणारं कॉम्प्रेशनही चालू केलं. भलतीच हुशार आहे. तोच मजकूर पुन्हा आला, तर त्याला वेगळी जागाच देत नाही. लग्नाचे फोटो तसूभरही आटले नाहीत. तुम्ही माझ्या मुलीला लिहिलेली अकरा माफीपत्रं मात्र एकाच पत्राच्या जागेत मावली. तारीख घालायचेही कष्ट घेतले नाहीत तुम्ही.

हे मी तिला आपलं सहज सांगितलं. प्रत्येक पत्र तुम्ही रडत रडत लिहिलंत, अशी तिची समजूत होती बिचारीची. आता हसत हसत बॅग भरतेय. तिला घेऊन जातोय.

बारावं पत्र लिहायला बसू नका. छापून टेबलावर ठेवलंय, सही तेवढी करा.

तुमचा सासरा