कमजोरी कोणती, असं विचारतील तेव्हा

प्रिय घुबडे,

आज मी इतकी खुशीत आहे की काय सांगू. चार इयत्ता शिकलेलं माणूस लिहून लिहून लिहिणार किती, पण आज हात थांबत नाही. वेलांट्या चुकल्या तर सांभाळून घे. मावशीकडे नीट जेवतेस ना? तिच्या हातचं फिकं असतं, वरून मीठ घे, पण तिच्यादेखत नको. ती रुसते आणि मग महिनाभर मला ऐकवते. असो. उद्या सोमवारी दहा वाजता चष्म्याच्या कारखान्यात तुझी मुलाखत. भिंगावरचा केसाएवढा ओरखडा शोधायचं काम. पाळण्यात असल्यापासून टक्क डोळे उघडे ठेवून आमची झोप उडवलीस तू, तुला नाही तर कुणाला जमणार ते?

मागच्या खेपेला त्यांनी नापास केलं, असं तू मावशीला सांगितलंस. मी मध्ये बोलले नाही. अगं, नापास व्हायला आत तरी जावं लागतं. तुझ्या नवऱ्यानं, त्या टेम्पोवाल्यानं, गेटवरच तुला केसाला धरून पाडलं, लाथा घातल्या, सर्टिफिकिटं गटारात भिरकावली, आणि वॉचमननं खुर्ची जरा सावलीत सरकवून घेतली. गेटसमोरच्या चहावालीनं सगळं सांगितलंय मला. माझ्याकडे आलीस तेव्हा उजवा डोळा सुजून बंद, ओठ फाटलेला, आणि म्हणतेस काय, पायरीवरून पडले. पायरीवरून पडणं हा आपल्या घरातला जुना धंदा आहे बाई, मला काय शिकवतेस.

मीसुद्धा मुलाखत दिलीय बरं का, हसू नकोस. पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात. साहेबानं विचारलं, तुमची कमजोरी कोणती? मला वाटलं, दुखणं विचारतोय. मी सांगून टाकलं, "डावा कान." तुझ्या आजोबांनी एकदा अशी वाजवली होती की तीन दिवस रक्त येत राहिलं आणि कान कायमचा गेला. साहेब म्हणाला, मग डावी बाजू मशीनकडे करून उभ्या राहा. जिथं चांगल्या कानाची माणसं टिकत नव्हती, तिथं मी एकवीस वर्षं काढली. त्याच मशीननं माझ्या शेजारणीची दोन बोटं तोडली, झाकणासारखी उडाली. मी ती रुमालात गुंडाळून तिच्या मागे दवाखान्यात पळाले. तेव्हापासून रक्ताला भ्याले नाही. आजोबांना मात्र भीत राहिले, ते गेले त्या दिवसापर्यंत. हे तुला आजवर बोलले नव्हते.

गेल्या आठवड्यात आपण सराव केला तेव्हा मी आजोबांचा कोट घालून शिलाई मशीनमागे साहेबासारखी बसले होते. काय पटापट उत्तरं दिलीस! पगार किती हवा, त्यालासुद्धा अडखळली नाहीस. मग मी कमजोरी विचारली. तू म्हणालीस, "माझं लक्ष सारखं दाराकडे जातं." मी आपलं हसण्यावारी नेलं. म्हटलं, साहेबाला असं सांगायचं नसतं, म्हणायचं की मी जरा जास्तच बारकाईनं बघते. पण तू तोवर उठून कडी तपासायला गेली होतीस. त्यानंतर तो टेम्पोवाला गल्लीत घिरट्या घालताना दिसला, म्हणून तुला मावशीकडे धाडलं.

तर आज दुपारी तो आला. मी तुझा निळा ड्रेस इस्त्री करत होते. लाथ मारून कडीच तोडली त्यानं. तुझं मुलाखतीचं बोलावणं टेबलावर होतं, त्यावर पंजा दाबला आणि म्हणाला, "म्हातारे, उद्या गेटवर मीच उभा आहे. या खेपेला डोळाच काढतो, मग बघू दे भिंगं." मी तापलेली इस्त्री त्याच्या पंजावर ठेवली आणि दोन्ही हातांनी रेटली. कातडं चरचरलं. तो किंचाळत वाकला, तेव्हा उचलून गुडघ्यावर घातली. पडल्यावर आणखी दोनदा. हाड मोडलं ते मला एका कानानंसुद्धा स्वच्छ ऐकू आलं. आवाजानं खालची शिंपीण धावत वर आली. त्याच्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या इस्त्रीकडे बघितलं आणि म्हणाली, "पायरीवरून पडला वाटतं." मग तिनंच दवाखान्याची गाडी बोलावली. डॉक्टर म्हणतात, दोन महिने तो उभा राहायचा नाही.

आता घाबरू नकोस, मी पोलीस चौकीत बसून लिहितेय. खोटं कशाला बोलायचं, मीच मारलं म्हणून सांगितलं. हवालदारीणबाई भली आहे, चहा दिला, कागद दिला. शिंपीण हे पत्र आणि ड्रेस घेऊन येईल, एका बाहीची इस्त्री राहिलीय ती करून घे. उद्या दहा वाजताच मला न्यायाधीशापुढे उभं करणार आहेत. मी तुला ओळखते, हे कळलं की मुलाखत सोडून तू इकडेच धावत येशील. म्हणून तर हे लिहायला बसले. येऊ नकोस. तू इकडे आलीस तर दवाखान्यात पडल्या पडल्या त्यानं तुला पुन्हा गेटवरच अडवलं, असं होईल. माझ्यासमोरही उद्या टेबलामागे एक साहेब बसेल आणि विचारील, बाई, असं का केलंत? माझं उत्तर तयार आहे. तुझं तू नीट दे. संध्याकाळी ये, आणि आधी तुला काय काय विचारलं ते सांग. माझं काय, मग सांगते.

तुझीच, कित्येक वर्षांनी एवढी हसलेली,
आजी