राधाला विचारून

ठाकूरद्वार, ता. ४ फेब्रुवारी १९५६

चि. उर्मिलेस,
भाईचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल. पोरांशी बोलायला कसलं आलंय शिक्षण, असं तुझ्या परळच्या अभ्यासाबद्दल तुझी वहिनी विचारते. मी म्हटलं, लहानपणी उर्मिलेला कुणी खेळायला घेत नव्हतं, म्हणून आता शिकतेय.

काम असं. भोईवाड्यातल्या धोंडूची राधा तुमच्या बालकेंद्रात येते. गेल्या महिन्यात पोलिसांच्या गोळीबारात धोंडू गेला तेव्हा ती त्याच्याबरोबर होती. बारा तारखेच्या सभेत तिने दोन शब्द बोलावेत. तिची आई कमळाबाई तयार आहे. मुलगीच तोंड उघडत नाही. तू तिला बोलती कर. महाराष्ट्रासाठी मुंबई मिळवायची तर लोकांनी हे ऐकायला हवं.

लोभ आहेच, या वेळी तो कामी येऊ दे.
चिंतामणी

परळ, ता. ८ फेब्रुवारी

ती. भाईस,
सा. न. वि. वि. मुंबई मलाही हवी आहे. पण राधा त्या दिवसापासून मुकी झाली आहे. कडी वाजली तरी मोरीत जाऊन बसते. आमच्या हेलनबाई शिकवतात की मुलाजवळ नुसतं बसावं, आपल्याला हवं ते उत्तर त्याच्या तोंडी घालू नये, आणि त्याने सांगितलेलं त्याला विचारल्याशिवाय कुणाला सांगू नये.

काल तुझे कार्यकर्ते आले. राधाचा दंड धरून, बापाला कुणी मारलं ते सांग, म्हणू लागले. तिने स्वतःच्या मनगटाला रक्त येईस्तोवर चावा घेतला. मी त्यांना बाहेर काढलं. परत येऊ म्हणून गेलेत. त्यांना आवर.

रागाव हवं तर, माया पातळ करू नकोस.
उर्मिला

ठाकूरद्वार, ता. ९ फेब्रुवारी

चि. उर्मिलेस,
आशीर्वाद. त्यांना मीच पाठवलं होतं. चावल्याचं त्यांनी मला सांगितलं नाही. आता कुणी येणार नाही. पण पत्रकांवर राधाचं नाव छापलं गेलंय. मी लोकांना काय सांगू?
भाई

परळ, ता. ११ फेब्रुवारी

ती. भाईस,
सा. न. वि. वि. हे पत्र केंद्रातल्या रामजीच्या हाती पाठवते आहे. काल आम्ही दोघी मातीची भांडी करत होतो. मी काहीच विचारलं नव्हतं. राधा आपणहून बोलली. पळताना तिची चप्पल सुटली, ती उचलायला धोंडू मागे वळला आणि पडला. आपल्यामुळेच बाबा गेले, हे धरून पोर बसली होती.

कुणाला सांगायचंय का, विचारलं. आईला, म्हणाली. मी शेजारी बसले. कमळाबाईंनी सगळं ऐकलं, तिला मांडीवर ओढलं आणि म्हणाल्या, "चपलेन नाय गो बाय, गोळीन गेलो तुझो बापूस." मग राधा पहिल्यांदा रडली.

सभेचंही विचारलं. नको म्हणाली. तुला कळवू का, तेही विचारलं. भाईंना सांगा, लोकांना नको, म्हणाली.

आता तुझ्यावर आहे. मला तुझीच समज रे.
उर्मिला

ठाकूरद्वार, ता. १३ फेब्रुवारी

चि. उर्मिलेस,
आशीर्वाद. सभेला मैदान भरलं होतं. राधाचं नाव पुकारलं तेव्हा मी उठलो आणि सांगितलं, "मुलीला विचारलं. ती नको म्हणाली." पुढून एकजण ओरडला, एवढ्याशा पोरीला काय विचारायचं? गलका वाढला. आमचेच लोक मला खाली बस म्हणू लागले. मैदान शांत होईपर्यंत मी माईकपुढून हललो नाही.

आहे तसाच माझ्यावर जीव असू दे.
भाई