वरला दिवा

३ फेब्रुवारी १९६२, शनिवार

प्रकाशा गावच्या धर्मशाळेत गेलो. रंजनाबाई — शाळेच्या बाई, साताऱ्याकडच्या — आणि महिला मंडळाच्या दोघी दर शनिवारी चार-पाच विसरत चाललेल्या म्हाताऱ्यांना रंग, माती, मणी देऊन बसवतात. पैशाबिशाची अपेक्षा नाही. आईचा हा सहावा शनिवार. दादा, माझे वडील, तिला बैलगाडीतून आणतात. घरी दिवसभर दाराशी येरझाऱ्या घालणारी आई इथे तासभर मांडी मोडत नाही.

आज रंजनाबाईंनी चित्र आखून दिलं. बैल, नांगर, झाड, वर चंद्राची कोर. रंगवता रंगवता नावं विचारली. आईनं भराभर सांगितली. कोरीशी थांबली. पदर पुढे ओढला. "वरला दिवा," म्हणाली. रंजनाबाईंनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली — हेही गेलं.

५ फेब्रुवारी, सोमवार

या शनिवारांवरचा साप्ताहिकाचा मजकूर उद्याच्या पहिल्या एस.टी.नं नंदुरबारला छापखान्यात पोचायला हवा. शेवट सुचत नव्हता. सुचला: 'बैल राहिला, नांगर राहिला. चंद्र तेवढा आठवणीतून मावळला.'

आईचं नाव घातलेलं नाही. — पण प्रकाशात कोणाला कळायचं राहणार आहे?

८ फेब्रुवारी, गुरुवार

अंक निघाला. संपादक म्हणाले, शेवट झकास.

१० फेब्रुवारी, शनिवार

आई आली नाही. घरी गेलो. दादा ओट्यावर, मांडीवर अंक.

"तिनी चांद कधी म्हनं रे? मन्हं नाव येस ना त्यामां."

दादांचं नाव रूपचंद. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून लग्न झाल्यापासून आईनं चंद्रालासुद्धा चांद म्हटलेलं नाही.

"बाकी समदं गयं तिनं. एवढं एक पक्कं याद शे. आनि तू छापी दिन्हं, इसरनी." मग म्हणाले, "आते शनवार बंद. मन्ही बायको तमाशा नही."

इथे तरी खरं लिहितो. सोमवारी लिहिताना मला आठवलं होतं. लहानपणी कडेवर घेऊन ती मला 'वरला दिवा'च दाखवायची. पण ओळ चांगली होती. ठेवली.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

अंकात चुकीची दुरुस्ती गेली नाही. निवडणुकीच्या मजकुरानं पानं भरली, असं दादांना कळवलं. — चार ओळींना जागा होती.

१७ फेब्रुवारी, शनिवार

आई सकाळपासून नवं लुगडं नेसून गाडीपाशी उभी. दादांनी बैल जुंपले नाहीत. दुपारी तिनं हळद कालवली आणि हातानं ओट्याची भिंत पिवळी केली.

शेजारच्या वत्सलाबाई आल्या. हसत विचारलं, "दगू माय, रातले वर काय दिखस वं?"

आईनं पदर पुढे ओढला.

"पेपरमां खरंच छापतस, भाऊ," वत्सलाबाई मला म्हणाल्या. मला तोंड उघडता आलं असतं. उघडलं नाही. आई पिवळे हात घेऊन दोघांकडे बघत राहिली.

१९ फेब्रुवारी, सोमवार

दुरुस्ती लिहिली. चार ओळींना अख्खी दुपार. 'त्या बाई चंद्र विसरलेल्या नाहीत. पतीचे नाव त्यात येते म्हणून तो शब्द त्या उच्चारत नाहीत. तेवढे त्यांना पक्के आठवते. चूक वार्ताहराची.' — वार्ताहराची खोडलं. 'त्यांच्या मुलाची' केलं.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

छापून आली. अंक घेऊन घरी गेलो, दादांना वाचून दाखवली. ऐकून घेतली. "आखो एकदाव वाच. पक्कं याद शे, तठून." वाचली. बराच वेळ तंबाखू मळत बसले.

"शनवारे गाडी जुपसू," म्हणाले.

२४ फेब्रुवारी, शनिवार

धर्मशाळा. आई येणार म्हणून रंजनाबाईंनी चित्र आखून तयारच ठेवलेलं. आज दादाही सतरंजीवर आईशेजारी बसले. तिनं कोर पिवळी केली. मग दादांकडे वळली. वाटेत भेटलेल्या परक्या माणसाला सांगावं तशी म्हणाली, "हाऊ चांद शे, भाऊ."

रंजनाबाईंनी टाळ्या वाजवल्या.

"हा, बाई," दादा म्हणाले. "चांद शे."