भरलेली बादली

लातूर, गुरुवार, दिवेलागण

टँकरवर भांडणं चाललीत, आणि सूनबाई मला आंघोळीला भरून बादली देते. पोरांना तांब्याभर पाणी, मला बादली! का? मी जगलो तरच माझी पेन्शन येणार, म्हणून?

काल मुद्दाम थाप मारली. "लातूर नवा जिल्हा झाला अन् माझी फाईल उस्मानाबादेतच राहिली. पेन्शन बंद पडली, बाई."

"ऱ्हाऊ द्या, मामा. घरात खायला हाय की."

आज सकाळी बादली पुन्हा काठोकाठ. मग जीव लावते म्हणायचं, की थाप ओळखली? दिवसभर तेच डोक्यात. खरं कळायचं तर पेन्शन खरंच बंद पडायला हवी. तेवढी छाती मात्र माझी नाही.