आकृती सात, अ आणि आ

तीर्थस्वरूप धाकटे मामा यांस,

भाच्याचा वाकून नमस्कार. मामींचा गुडघा आता जिना चढू देतो का आणि तुमची सकाळची खोकल्याची उबळ कमी झाली का, हे आधी कळवा. पुढचं वाचून ती वाढली तर दोष माझा. तुम्ही फोन उचलत नाही म्हणून हा कागद. तो घेऊन आलेली बाई माझी बायको आहे (लग्नात पाहिलीत तेव्हा बरीच गप्प होती). तिला पाणी द्या, आणि निदान शेवटापर्यंत पोचेस्तोवर कागद फाडू नका.

थोरल्या मामांचं कुलपांवरचं पुस्तक तुम्ही ज्या कागदात आलं त्याच कागदात गुंडाळून परत पाठवलंत. त्यांनी पुडकं उघडलंही नाही. कपाटावर ठेवलं आणि भूक नाही म्हणून पडून राहिले. मामा, त्या पुस्तकातला शब्द न् शब्द त्यांचा आहे, पण पानं मी लावली आहेत, आणि घोळही सगळा माझाच आहे.

तुमचं दोघांचं दुकान ज्या कुलपावरून मोडलं, ते थोरल्या मामांनी बेतलेलं, त्यात स्प्रिंग तुमची; हातोडीच्या एका टिचकीने ते उघडायचं. थोरल्या मामांनी तेव्हा चारचौघांत तुमच्या स्प्रिंगला नावं ठेवली. पुढे तुम्ही दुसरा खटका बसवून तेच कुलूप पक्कं केलंत, पण तोवर तुमच्यातलं बोलणं माझ्या आईमार्फत चालू झालं होतं, आणि ती गेल्यावर तेही संपलं. हे सगळं त्यांना पुस्तकात कबूल करायचं होतं. पण नाव घेऊन चूक कबूल करणारा माणूस तो नव्हे (तुम्हीही नव्हे, राग मानू नका). म्हणून ते आकड्यांच्या आड लपले. त्यांनी लिहून दिलं: आकृती ७ (अ) मधल्या कुलपात मुळातच खोट होती, आकृती ७ (आ) करणाऱ्याने ती काढली, त्याचं तेव्हाच ऐकायला हवं होतं. अ म्हणजे त्यांचं कुलूप, आ म्हणजे तुमचं. चित्रांखाली नावं नकोत, ज्याला कळायचं त्याला कळेल, असं वर बजावलं.

आता संगणकावर पानं लावायच्या आमच्या प्रोग्रॅमची गंमत ऐका. त्यात आकडे हाताने लिहायचे नसतात. प्रत्येक चित्राच्या जागेला एक लेबल चिकटवायचं, मजकुरात त्या लेबलाचं नाव घ्यायचं, आकडा तो स्वतः घालतो. दोन चित्रं शेजारी हवी असतील तर त्यांच्यामध्ये एक रिकामी ओळदेखील चालत नाही. मी सवयीने ती सोडली, आणि तुमचं कुलूप त्यांच्या कुलपाखाली जाऊन बसलं. मला वाटलं, आपण वर आहोत हे बघून थोरले मामा खूश होतील. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "खाली नको. शेजारी घे त्याला."

मी ओळ काढली. कुलपं शेजारी आली, पण दोघांची तोंडं पानाच्या बाहेर, एकमेकांकडे पाठ. ते काही मला बघवेना. तुम्ही नाही तर नाही, निदान कुलपांनी तरी एकमेकांकडे बघावं म्हणून मी नुसत्या चित्रांची अदलाबदल केली. लेबलं होती तिथेच राहिली. पान इतकं सुरेख दिसायला लागलं की मी स्वतःवरच खूश होऊन ते छापायला दिलं. अशा रीतीने अ म्हणून तुमचं कुलूप छापलं गेलं, खोट तुमच्या माथी बसली आणि शहाणपण त्यांच्या वाट्याला गेलं. माणसाने आयुष्यात एकदा माफी मागावी आणि भाच्याने तिची शिवी करून छापावी, याचं मला फार वाईट वाटतं. माझा मायेचा झरा नेमका कामाच्या वेळी फुटतो, हे आई नेहमी म्हणायची.

तरी मी हातावर हात ठेवून बसलो नाही. लगेच शुद्धिपत्र छापलं आणि प्रत्येक प्रतीत घातलं. फक्त आमचा प्रोग्रॅम दोनदा चालवावा लागतो. पहिल्या फेरीत तो चित्रं मोजतो, दुसऱ्या फेरीत आकडे भरतो. घाईत मी एकदाच चालवला. त्यामुळे शुद्धिपत्रात आता "आकृती ?? आणि आकृती ?? यांची अदलाबदल झाली आहे" एवढाच खुलासा आहे. तो वाचून वाचकांच्या ज्ञानात नेमकी कसली भर पडली असेल, याचा विचार मी सोडून दिला आहे.

मामींना नमस्कार सांगा. माझ्यावर हवं तेवढं रागवा, थोरल्या मामांवर नको.

तुमचा,
पानं लावणारा भाचा

ता. क. दुसरं शुद्धिपत्र करतो म्हणून मी आज सकाळी थोरल्या मामांकडे गेलो. त्यांनी प्रश्नचिन्हांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "राहू दे आता. तो आला तर तोंडानेच सांगेन." मी त्यांचा तोंडाने सांगण्याचा प्रसंग अजून पाहिलेला नाही.

ता. क. २ खरं काम राहिलंच. त्यांच्या दुकानाला अजूनही तुमचंच कुलूप आहे, ते दोन खटक्यांचं. मघाशी माझ्या हातून ते दाबलं गेलं आणि चावी आत राहिली. हातोडीने काही होत नाही. दुसरा कारागीर बोलावू का विचारलं, तर ज्याचं कुलूप त्यालाच बोलाव म्हणाले. पायरीवर बसून आहेत, तुमच्यासाठीही जागा ठेवली आहे. हत्यारं घेऊन लगेच या.

ता. क. ३ हत्यारं नाही आणलीत तरी चालेल. चावी माझ्या खिशात आहे. पण आधी दोघं थोडा वेळ शेजारी बसा.