उचाट्याची चोच

सर, तुमची पक्ष्यांची वही गेल्या आठवड्यात माझ्याकडे आली. भिसेगावचं घर रिकामं करताना तुमच्या मुलीला ती सापडली. "बाबांचं तुमच्याइतकं कुणी ऐकलं नसेल, तुम्हीच ठेवा," म्हणाली. मी ती छातीशी धरून घरी आणली आणि चहा निवेपर्यंत चाळत बसलो. तेच डावीकडे कललेलं अक्षर, ज्या अक्षरात तुम्ही फळ्यावर कविता उतरवायचात. आणि मग त्या रविवारचं पान आलं.

मी नववीत आहे. शनिवारची सकाळची शाळा. आदल्या संध्याकाळी खालापूरच्या वाटेवरच्या तळ्यावर, पाणी ओसरून उघड्या पडलेल्या चिखलात, मला एक काळा-पांढरा पक्षी दिसला आहे. तुम्ही मराठीचे सर, पण कविता संपली की "काय दिसलं रे?" असं विचारायचात. मी उभा राहतो. "सर, उचाट्या!" तुम्ही खडू खाली ठेवता. "उचाट्या? आपल्याकडे? शेकाट्या असेल. तोही काळा-पांढराच, लांब पायांचा." मी म्हणतो, "नाही सर, शेकाट्याची चोच सरळ. याची वर वळलेली होती. मी पाहिली." तुम्ही हसलात. "तुझं हे असंच. कवितेत घाल तो पक्षी, वहीत नको. दिसलं ते लिहायचं, वाटलं ते नाही." वर्गात खसखस पिकली. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "वाकडी चोच!"

ते नाव चिकटलं ते चिकटलंच. परवा बाजारात तो मागच्या बाकावरचा भेटला. तोंडाचं बोळकं झालंय त्याचं, तरी भाजीच्या गाडीपलीकडून हाळी दिली, "काय रं वाकडी चोच, आज काय दिसलं का नाय?" मीही हसलो. हसायची सवय झाली आहे. पण त्या शनिवारनंतर मी एकही पक्षी कुणाला छातीठोकपणे सांगितला नाही. बायको तळ्यावर सोबत येते, विचारते, "कोणता हो तो?" मी म्हणतो, "असेल तुतवार." ती वैतागते. "असेल काय? तुम्हाला दिसतोय ना समोर?"

आणि रविवारी तुम्ही वहीत लिहिलंय: "उचाट्या, एक. चोच वर वळलेली, स्पष्ट. या तळ्यावरची पहिली नोंद. पाहणारा: स्वतः." म्हणजे तुम्ही सायकल काढलीत, एकटेच गेलात, पाहून आलात. आणि सोमवारी वर्गावर येऊन, माझ्याकडे न बघता, पुढची कविता घेतलीत. काय सुंदर शिकवलीत हो! मी सगळं विसरून तुमच्या आवाजामागून वाहत गेलो. ती कविता मला अजून तोंडपाठ आहे, स्वयंपाकघरात चहा टाकताना मी ती तुमच्याच चालीत म्हणतो. गेल्या आठवड्यापासून दुसऱ्या ओळीपाशी थांबतो.

शाळा सोडताना तुम्ही मला तुमची दुर्बीण दिलीत, एका भिंगावर ओरखडा असलेली. "तुझे डोळे चांगले आहेत," म्हणालात. मी ती बक्षीस म्हणून मऊ फडक्यात गुंडाळून जपली, नातवालाही हात लावू दिला नाही. आता कळतं, वर्गात चारचौघांसमोर एक वाक्य बोलायचं राहून गेलं होतं, त्याच्याऐवजी ती आली. तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली, तरी राग असा ताजा आहे की तुम्ही समोर असतात तर मी वही तुमच्यापुढे आपटली असती. आपटली असती का? बहुतेक पाया पडलो असतो.

काल दुर्बीण घेऊन तळ्यावर गेलो. माथेरानच्या डोंगराकडे ऊन कललेलं, नेमकं डोळ्यांवर. चिखलातले सगळे पक्षी नुसत्या काळ्या आकृत्या. त्या संध्याकाळीही असंच ऊन होतं, पंखांतलं पांढरं तेवढं चमकलं होतं. हे पत्र मी तुमच्या मुलीला दाखवणार नाही, तुमच्या वहीतच, त्या रविवारच्या पानात ठेवून देणार आहे. कारण सर, तो पक्षी उडून जाईपर्यंत माझ्याकडे पाठमोराच होता. मला तुमच्यापुढे रिकाम्या हातांनी यायचं नव्हतं. चोच मी पाहिलीच नव्हती, तुम्ही वाचायला दिलेल्या पुस्तकातल्या चित्रावरून सांगितली होती.